रवा, तेका बोलांदे

कोचरेकरबाई रागावल्या की शुद्ध मराठी बोलायच्या. एरवी आश्रमातल्या म्हाताऱ्यांशी, स्वयंपाकघरातल्या बायकांशी, एसटीच्या कंडक्टरशी आणि फाटकापाशी बसणाऱ्या कुत्र्याशीही त्यांची मालवणीच चाले. आमच्याकडे रीत उलटी आहे. कचेरीत शुद्ध आणि भांडणात मालवणी, कारण शिव्यांची खरी सोय तिथे आहे. बाईंना ती सोय लागत नसे. "आपण जे केलंत त्याला काय म्हणतात, हे आपल्याला ठाऊक आहे का?" असं त्यांनी आवाज न चढवता विचारलं, की समोरचा माणूस आपण नक्की काय काय केलंय ते मनात आठवू लागे.

त्या वाचा आणि श्रवण उपचार करणाऱ्या. लकव्याने ज्यांची जीभ गेली त्यांना पुन्हा बोलायला लावणं आणि ज्यांचे कान गेले त्यांना उरलेल्या कानाने ऐकायला शिकवणं, हे त्यांचं काम. मुंबईच्या एका इस्पितळात बरीच वर्षं नोकरी करून त्या बांद्याला भावाकडे येऊन राहिल्या होत्या. नोकरी का सोडली ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. भांडून सोडली असणार. बांद्याहून एसटीने वेंगुर्ल्याला यायचं, तिथून छत्री काठीसारखी टेकत घाटी चढायची आणि वरच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळी माळावरच्या, आमच्या वृद्धाश्रमात शिरायचं, असं आठवड्यातून तीन दिवस चाले. आश्रमाचं नाव सांगत नाही. काही विश्वस्त अजून हयात आहेत, आणि त्यांचे वकीलही.

मी गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. वाचून झालेली मासिकं आश्रमात नेऊन द्यायचो. या माणसाला चूक न करता वाक्य लिहिता येतं, असा शोध विश्वस्तांना लागला आणि देणगीदारांची आभारपत्रं लिहिण्याचा मान माझ्याकडे आला. मानाबरोबर कचेरीच्या कोपऱ्यात एक खुर्ची मिळाली. पुढचं सगळं मी त्या खुर्चीवरून पाहिलं.

नवं शतक सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आश्रमाचे अध्यक्ष आप्पासाहेब काजूचे कारखानदार. त्यांनी मुंबईच्या एका मोठ्या संस्थेशी आश्रम जोडून घेतला होता. ही संस्था ठिकठिकाणच्या आश्रमांची तपासणी करी आणि 'उत्तम', 'मध्यम', 'साधारण' अशी प्रमाणपत्रं देई. त्यासाठी दर तीन महिन्यांनी प्रत्येक म्हाताऱ्यामागे एक मूल्यमापन पत्रक भरायचं असे. ते कुठल्याशा परदेशी पत्रकावरून उतरवलेलं होतं. त्यात आजी-आजोबांना 'निवासी' म्हणत, जणू ते अधिवेशनाला आले होते. निवासी स्वतः जेवतो का, निवासी उदास असतो का, आणि एका चौकटीत, निवाशाला गेल्या सात दिवसांत वाचा व श्रवण उपचार किती मिनिटं मिळाले. एकट्याला किती, गटात किती. उपचार कधी सुरू झाले आणि कधी संपले.

या चौकटीसाठीच आप्पासाहेबांनी बाईंना शोधून आणलं होतं. आजूबाजूच्या कुठल्याही आश्रमाकडे ती भरण्याजोगं माणूस नव्हतं.

बाई घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत. म्हाताऱ्याचा हात हातात घेऊन बसल्या की तबकडी त्यांना दिसे, त्याला दिसत नसे. वेळ मोजण्याची त्यांची रीत आश्रमाच्या व्यवस्थापकाला, सामंतांना, कधी पटली नाही. म्हातारा जागा आहे, समोर आहे आणि बोलायची किंवा ऐकायची धडपड करतोय, तेवढाच उपचार. खुर्ची ओढायला गेलेला वेळ उपचार नव्हे. यंत्र कानात बसवायला गेलेला वेळ उपचार नव्हे. मध्येच तो खिडकीबाहेर कावळा बघत बसला, तर तेवढं वजा.

"बाई, तुमी घाटी चढान येतास, ता पण धरूक व्हया," सामंत एकदा औदार्याने म्हणाले.

"घाटी मी चढतंय. तेची जीभ चढणा नाय," बाई म्हणाल्या.

तिघांना एकत्र बसवून काही करून घेतलं, तर तो वेळ तिघांच्याही नावावर पुरा लिहायला त्या तयार नसत. सामंतांना हे फारच कंजूषपणाचं वाटे. त्यावर बाईंचा प्रश्न ठरलेला. "एक बांगडो तिघांक वाढलो, तर तिघांनी एकेक बांगडो खाल्लो म्हणान लिवतलास?"

सामंत मुळात वाईट नव्हते. वरिष्ठांना काय वाचायला आवडेल, हे ओळखणारा माणूस होता तो. असा माणूस वाईट माणसाहून जास्त नुकसान करतो, हे मला तिथेच कळलं.

बाईंची पिशवी हा आश्रमात चर्चेचा विषय होता. मुंबईहून आलेल्या पेटीत चित्रांची सुंदर कार्डं होती. सफरचंद, उंट, टाय बांधलेला मुलगा, धूर सोडणारं इंजिन. बाईंनी ती कपाटावर ठेवली ती ठेवलीच. त्यांच्या पिशवीत करवंटी असे, जाळ्याचा तुकडा असे, आमसूल, सोललेल्या सुपाऱ्या आणि कागदात गुंडाळलेला एक सुका बांगडा. ज्याचं नाव जिभेवर येत नाही, ती वस्तू आधी हातात द्यायची, मग नाकाशी न्यायची. बांगड्याने भले भले बोलायला लागत. एका आजींचा पहिला शब्द "शी" होता आणि बाईंनी तो आनंदाने नोंदवला. पण विश्वस्तांपैकी एका शाकाहारी सद्गृहस्थांनी हरकत घेतली आणि 'उपचारासाठी मत्स्यजन्य पदार्थ वापरू नयेत' असा ठराव झाला. बाईंनी ठरावाची प्रत मागून घेतली आणि बांगडा तिच्यात गुंडाळायला सुरुवात केली.

यंत्रवाटपाचा समारंभ त्याच वर्षीचा. कुणा दात्याने श्रवणयंत्रं पाठवली होती, सगळी एकाच जातीची. प्रत्येक कानाचं बहिरेपण वेगळं असतं, आधी तपासणी करू आणि मग ज्याला जे लागेल ते देऊ, असं बाई आठवडाभर सांगत होत्या. आप्पासाहेब म्हणाले, "कोचरेकरबाई, पाहुण्यांची तारीख मिळाली आहे. कानांचं मागाहून बघू." मांडव पडला. पाहुण्यांनी एकेकाच्या कानात स्वतःच्या हाताने यंत्र खुपसलं आणि दर वेळी फोटोवाल्याकडे पाहून हसले. मग भाषणं सुरू झाली. थोड्याच वेळात पहिल्या रांगेतलं एक यंत्र शिटी मारू लागलं, मग दुसरं, मग रांगच्या रांग. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढताना वर घारी गोळा होतात तसा आवाज मांडवात भरला. पाहुण्यांना वाटलं, माइक बिघडला. ते आणखी मोठ्याने बोलू लागले. सरस्वती आजींनी कानातलं यंत्र काढून मांडीवर ठेवलं आणि शेजारणीला सांगितलं, "माका हेच्या आदी बरा आयकाक येय होता." शिट्ट्यांतूनही ते मागपर्यंत गेलं.

दुसऱ्या दिवशी बाई कचेरीत आल्या तेव्हा सामंत पत्रकं भरत होते. समारंभाला बसलेल्या प्रत्येकाच्या नावापुढे श्रवण उपचाराच्या चौकटीत, गट या रकान्यात, अख्खी दुपार मांडलेली होती.

बाईंनी चष्मा लावून पाहिलं. मग शुद्ध मराठीत विचारलं, "हे काय आहे?"

"यंत्र कानात होतं ना, बाई. आणि ऐकत होते सगळे."

"भाषणं ऐकणं हा उपचार असता, सामंत, तर या जिल्ह्यात एकही बहिरा उरला नसता. खोडा ते."

सामंतांनी सगळं खोडलं. बाई शेजारी उभ्या राहिल्या आणि शेवटची रेघ पडेपर्यंत हलल्या नाहीत. त्या दिवसापासून सामंत शहाणे झाले. बाईंनी दिलेली वेळेची चिठ्ठी ते हसून घेत, चहा विचारत आणि पत्रकाची पक्की प्रत बाईंची एसटी सुटल्यावर लिहीत. हे बाईंना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. आभारपत्रं लिहिणाऱ्याला पत्रकं कोण दाखवतो?

आता बाबी तांडेल.

बाबी रापणीवरचा तांडेल. वाळूत उभा राहून दोन्ही दोरांवरच्या माणसांना एका हाकेत वळवणारा माणूस. त्याची हाक खाडीपलीकडे ऐकू जायची, असं त्याची मुलगी सुलू सांगे. अशा माणसाचा उजवा हात आणि वाचा एका सकाळी लकव्याने गेली. सुलू वेंगुर्ल्याच्या बाजारात मासे विके. नवरा बोटीवर, घरात दुसरं कोणी नाही. आश्रमात बोलायला शिकवतात असं तिने ऐकलं, म्हणून बापाला आणून सोडलं. नाहीतर आमच्याकडे बापाला आश्रमात ठेवणाऱ्या मुलीला बाजारात बसणं सोपं नसतं. सोडताना तिने बाईंना एवढंच विचारलं, "माका हाक मारतलो मां परत?"

"सांगूक येवचा नाय," बाई म्हणाल्या. "पण बसान बघूया."

बाबीला सगळं कळायचं. चहा गार असला की कळायचं, कोणी आपल्याविषयी बोललं की कळायचं. तोंडातून मात्र "तो... तो..." एवढंच यायचं. म्हणून सगळे त्याच्या वतीने बोलत. बाबीला भूक नाही, बाबीला भजन आवडतं, बाबी आज खूश आहे, असं आश्रमात सतत जाहीर होत असे. बाई समोर असल्या की हात वर करत. "रवा. तेका बोलांदे." मग सगळे थांबत. बाबीच्या गळ्याच्या शिरा ताठ होत, तोंड वाकडं होई आणि शेवटी "तो" येई. पाहणाऱ्याला ते सोसत नसे. खुद्द आप्पासाहेबांनाही बाईंनी एकदा असं थांबवलं होतं. अध्यक्षांना गप्प उभं राहण्याची सवय नसते. त्या अर्ध्या मिनिटात त्यांनी खिसे चाचपले, छताकडे पाहिलं, आणि शेवटी आठवण झाल्यासारखं करून ते निघून गेले.

नारळी पौर्णिमेला आश्रमात जागेच्या देवाला, राखणदाराला, नारळ ठेवायची पद्धत होती. खालच्या वाडीतला एक गावकार येऊन गाऱ्हाणं घालायचा. सगळे आवारातल्या आंब्याखाली जमले. बाबीची खुर्चीही नेली होती. गावकाराने हात जोडून सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, आज ह्यो जो काय नारळ ठेवललो आसा, तो मान्य करून घे, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

आणि बाबीही म्हणाला. अडखळत नाही, वाकडं नाही. जुन्या हाकेचा गाळ त्या आवाजात अजून होता. पुढच्या ओळीला पुन्हा, आणि त्याच्या पुढच्याही. गाऱ्हाणं संपेपर्यंत आश्रमातल्या बायका डोळे पुसत होत्या. आप्पासाहेबांनी मला बाजूला घेतलं आणि वृत्तपत्रासाठी मजकूर तयार करायला सांगितलं. 'आश्रमाच्या प्रांगणात चमत्कार' हा मथळा त्यांना सुचलाही होता.

"चमत्कार नाही," बाई म्हणाल्या. शुद्ध मराठीत म्हणाल्या, म्हणून आप्पासाहेब थांबले. लहानपणापासून शंभरदा म्हटलेलं, शिवी, प्रार्थना, मोजणी, हे डोक्यात निराळ्या घरात राहतं, असं त्यांनी समजावलं. ते घर पडलेलं नाही. पण त्यातलं बोलणं म्हणजे स्वतःचं बोलणं नव्हे. तो 'व्हय' म्हणाला याचा अर्थ त्याला होय म्हणायचं होतं असा होत नाही. "दार उघडलंय. आत माणूस शिरायचा आहे अजून. तोपर्यंत वर्तमानपत्र नको."

पुढच्या खेपेपासून बाईंनी बाबीसमोर बसून गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. खिडकीपाशी दोन खुर्च्या, हात हातात, घड्याळ आतल्या बाजूला. "बा देवा म्हाराजा, ह्या बाबी तांडेलाक सकाळी पेज गार गावली, ती उद्या गरम गावांदे, रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा." "हेची पाठ दुखता, ती बरी होवांदे, रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा." "आणि एकदा," बाई म्हणत. 'आणि एकदा' हे त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य. येणारेजाणारे हसत. देवाधर्माच्या गोष्टीचा पोरखेळ केला, अशी तक्रारही झाली. गाऱ्हाणं घालणाऱ्या बाईमाणसाला पाप लागतं, असं स्वयंपाकीणबाईंचं मत पडलं. "लागांदे," बाई म्हणाल्या, "माका सवय आसा."

दिवाळी होऊन गेली होती. मी मासिकं ठेवायला हॉलमध्ये गेलो होतो, तेव्हा बाईंचं गाऱ्हाणं चालू होतं. नेहमीच्याच सुरात त्या म्हणाल्या, "ह्या बाबीक मासो आवडणा नाय. हेका रोज दुधीभोपळ्याची भाजीच व्हयी, रे म्हाराजा."

बाबीचं तोंड 'व्हय'साठी उघडलं आणि तसंच राहिलं. डाव्या हाताने त्याने खुर्चीचा दांडा धरला. मान थरथरली. मी मासिकं हातात धरून उभा राहिलो. खाली बंदरावर कुठल्यातरी बोटीचं इंजिन सुरू होण्यासाठी खोकत होतं.

"ना," बाबी म्हणाला. मग श्वास घेऊन, "नाय."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं नाही. "आणि एकदा," त्या म्हणाल्या.

"नाय."

कचेरीत येऊन त्यांनी ते मालवणीत सांगितलं, म्हणजे खूश होत्या. शंभर व्हयांपेक्षा हा एक नाय मोठा, कारण हा पाठ नव्हता, हा बाबीचा स्वतःचा. सामंतांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे आता तो नाय म्हणाक लागतलो? मगे औषदां कशी देवची?"

बाई हसल्या. त्या हसलेल्या मला तेवढ्याच आठवतात.

तपासणी त्यानंतर थोड्या दिवसांनी आली. पुण्याचे एक डॉक्टर संस्थेतर्फे आले होते. माणूस सभ्य होता, घाईत होता, कुडाळहून संध्याकाळची गाडी गाठायची होती. हॉलमध्ये टेबल मांडलं, फुलं ठेवली. आप्पासाहेब, सामंत, बाई आणि आभारप्रदर्शनासाठी मी. सुलूला बाईंनीच बोलावून घेतलं होतं. बाजारातून तशीच आली, टोपली दाराबाहेर ठेवून. ज्यांच्यात सुधारणा होतेय त्यांचे उपचार पुढे चालणार होते. ज्यांच्यात नाही, त्यांचे थांबणार आणि त्यांची खाट मागच्या खोलीत जाणार. मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेले असत. तिथे बोलायला कोणी जात नसे. सुलूला हे माहीत होतं.

बाबीची पाळी आली. डॉक्टरांनी पेटीतलं कार्ड काढलं. "आजोबा, हे काय आहे, सांगता येईल?"

सफरचंद होतं. बाबी कार्डाकडे नाही, डॉक्टरांकडे बघत राहिला. हा माणूस कोण, हे त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

"मालवणीत विचारा," बाई म्हणाल्या. "आणि फळ बदला."

"भाषा एकच आहे की, मॅडम," डॉक्टर हसून म्हणाले आणि त्यांनी उंट दाखवला.

मग त्यांनी पत्रक उघडलं. भुवया वर गेल्या. "वा. रोजचा उपचार आहे. रविवारीसुद्धा. एकट्याला भरपूर, गटातही भरपूर." त्यांनी पानं उलटली. "इतक्या महिन्यांत इतका उपचार, आणि अजून एक फळ ओळखता येत नाही." त्यांना मनापासून वाईट वाटलं. "इतकं करूनही फरक नसेल, तर पुढे फरक पडेल असं म्हणता येत नाही."

बाईंनी हात पुढे केला आणि पत्रक घेतलं. आठवड्यात त्या तीन दिवस येत. आश्रमभर म्हातारे. बाबीच्या वाट्याला त्यातलं जे थोडं यायचं, ते त्यांच्या चिठ्ठ्यांवर होतं. पत्रकात रोजचं भजन गटातला वाचा उपचार झालं होतं, टीव्हीवरच्या बातम्या श्रवण उपचार झाल्या होत्या, आणि त्या आल्याच नव्हत्या त्या दिवशीही त्यांनी बाबीला पुरता वेळ दिला होता.

त्यांनी पत्रक टेबलावर ठेवलं. आवाज चढला नाही.

"आप्पासाहेब, तुम्ही या माणसाला पोटभर वाढलं नाहीत. कागदावर मात्र पंगती उठवल्यात. आणि आता हे डॉक्टर म्हणतात, इतकं खाऊनही हा वाळतोय, तेव्हा याला वाढणं बंद करा. तुमचं बरोबर आहे, डॉक्टर. या कागदावरून दुसरं काही निघत नाही. खोटं इतकंच आहे, की ते जेवण कधी झालंच नाही."

"कोचरेकरबाई," आप्पासाहेब म्हणाले, "आपण सगळे एकाच कुटुंबातले. जास्त लिहिलं म्हणून तुमचंच नाव मोठं झालं ना?"

"माझं नाव घेऊन तुम्ही त्याची जीभ कापलीत."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. पत्रक चुकीचं असेल तर आश्रमाने तसं लिहून द्यावं, ते म्हणाले. आप्पासाहेब म्हणाले, पत्रक अचूक आहे. सामंत फुलांकडे बघत होते. मी म्हणालो, की समारंभाची दुपार याच चौकटीत मांडलेली मी स्वतः पाहिली आहे. "आपण आभाराच्या वेळी बोला," आप्पासाहेब म्हणाले. डॉक्टर अडचणीत सापडलेल्या सभ्य माणसासारखे बाबीकडे वळले. "आपण यांनाच विचारू. आजोबा, इथे तुम्हाला उपचार मिळतात ना? रोज मिळतात ना?"

"मिळतात की," आप्पासाहेब म्हणाले.

बाईंनी हात वर केला. "रवा. तेका बोलांदे."

सगळे थांबले. दारात सुलू उभी होती, पदराला हात पुसत. बाबीने डॉक्टरांकडे पाहिलं, फुलांकडे पाहिलं, हात जोडून उभ्या असलेल्या आप्पासाहेबांकडे पाहिलं. इतकी माणसं, फुलं, जोडलेले हात आणि सगळे त्याच्या तोंडाकडे बघत असलेले. असा देखावा त्याने जन्मभर एकाच प्रसंगी पाहिला होता. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. 'ना' ओठांवर आलेला मी पाहिला. शपथेवर सांगतो. मग तो घसरला आणि त्याच्या जागी जुनं, सोपं, जन्माचं पाठ असलेलं बाहेर पडलं.

"व्हय म्हाराजा."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. आप्पासाहेब म्हणाले, "बघा." बाबीच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्यालाही कोणीतरी समाधानाचे अश्रू म्हटलं. मी आभार मानले नाहीत. कोणाच्या लक्षात आलं नाही.

'उत्तम' प्रमाणपत्र महिन्याभरात आलं. सोनेरी चौकटीत ते हॉलमध्ये लागलं, खिडकीपाशी, जिथे त्या दोन खुर्च्या होत्या. बाबीच्या पत्रकात उपचार संपल्याची तारीख पडली. मागच्या खोलीत त्याची खाट हलवायच्या सकाळी सुलू रिक्षा घेऊन आली. सामंतांनी नियम सांगितले. "माजो बापूस थंय रवाचो नाय," ती म्हणाली, आणि सामंतांच्या हातात सही करायला पेन होतं, ते तसंच राहिलं.

'आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही' असं पत्र बाईंना धाडायचं ठरलं. ते मी लिहायला नकार दिला, त्यामुळे त्यात शुद्धलेखनाच्या चुका राहिल्या. बाईंनी त्या लाल शाईने दुरुस्त करून पत्र परत पाठवलं. समासात लिहिलं होतं, 'पुन्हा लिहा.' माझी कचेरीतली खुर्चीही त्याच सुमारास गेली. तिची आठवण येत नाही.

बाई मला शेवटच्या दिसल्या त्या काही वर्षांनी, वेंगुर्ल्याच्या बंदरावर. मी मासे घ्यायला गेलो होतो. सुलूच्या टोपलीशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बाबी बसला होता, पांढरी दाढी वाढलेली, डोक्याला टॉवेल. शेजारी उपड्या पेटीवर कोचरेकरबाई, केस पुरते पांढरे, छत्री मांडीवर. बांद्याची एसटी त्यांनी सोडली नव्हती, फक्त घाटी चढणं संपलं होतं. कुठल्याही चौकटीत मांडायचं नसलेलं ते त्यांचं काम चालू होतं. सुलूने मला बघून बापाला डिवचलं, "बाबा, ग्रंथपाल इले. इसवण स्वस्त देव काय तेंका?"

"नाय," बाबी म्हणाला. लगेच. गिऱ्हाइकांत हशा पिकला. मला ते महागच पडलं.

"आनी माका हाक मारता आता," सुलू तराजू धरून म्हणाली. "सू म्हणता. पुढचा लू येणा नाय. येतला."

तेवढ्यात एक पांढरी गाडी बंदरावर येऊन थांबली. काच खाली गेली. आप्पासाहेब होते, थोडे स्थूल झालेले, तसेच प्रसन्न. "अरे, बाबी तांडेल! ओळखलंस ना? काय, आश्रमात बरं होतं ना आपलं?"

सुलूने तोंड उघडलं. गिऱ्हाइकांसमोर मोठ्या माणसाला उत्तर न देणं बरं दिसत नाही. बाईंनी छत्री आडवी धरली.

"रवा. तेका बोलांदे."

बाबी गाडीकडे बघू लागला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. हात खुर्चीच्या दांड्यावर गेला. आप्पासाहेबांनी एक क्षण हसू धरलं, मग मनगटाकडे पाहिलं, ड्रायव्हरला काहीतरी म्हणाले, "बरं, बरं, ठीक आहे" असा हात हलवला आणि काच वर गेली. गाडी वळली. मासे उतरवणाऱ्यांच्या मधून हॉर्न वाजवत ती चढणीला लागली, तरी बाबीची मान तिच्यामागे वळत होती.

"नाय," तो म्हणाला.

रस्ता रिकामा होता. बाईंचं तोंड त्या रस्त्याकडे होतं आणि जबडा आवळलेला.

"आणि एकदा," त्या म्हणाल्या.